वच्छलाकाकूचा तट्टा

“गळ्यावर कात्री चालवायची नाही, आताच सांगून ठेवते. तुकडा वाया गेला तरी चालते.”

तुळसाबाई समाजमंदिराच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर तालुक्याचा एक उमेदवार हात जोडून उताणा पसरला होता, अर्थात फ्लेक्सवरचा. निवडणूक होऊन गेली होती, त्याचं डिपॉझिटही गेलं होतं, पण तुळसाबाई तिथं असेपर्यंत त्याच्या मानेला धक्का लागणार नव्हता.

“मग कापू कुठून, ते तं सांग,” मी म्हटलं.

“छातीखालून काप. डोस्कं पुरं राहू दे. कोणाचं तरी लेकरू हाय ते.”

“पन्नाशीचं हाय हे लेकरू.”

“मायले पन्नाशीचंही लेकरूच वाटते,” तुळसाबाई म्हणाली आणि ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. वच्छलाकाकू तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घालून सुईत दोरा ओवला.

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा वस्तीत ब्लाउज शिवायची, अजूनही शिवते. वस्ती म्हणजे कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेल्या लोकांनी कुंपणाबाहेर बांधलेली टिनाच्या छपरांची घरं. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला तो सांगून कळत नाही. पारा चढला की पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव येतं, आणि आम्ही ते डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन वाचतो. टिनावर पाणी मारता येतं, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या टाकता येतात. पण पश्चिमेच्या खिडकीचं काय करणार? लोखंडी पत्र्याचं दार लावलं तर ते तापून खोलीत आग ओकतं, उघडं ठेवलं तर झळा सरळ आत येतात. म्हाताऱ्या माणसांचे दर उन्हाळ्यात एक-दोन बळी जायचेच आणि आम्ही त्याला वय झालं होतं म्हणायचो.

त्या वर्षी निखाडेभाऊंच्या डोक्यात खिडकीत ठोकायच्या तट्ट्यांची कल्पना आली. निखाडेभाऊ खाणीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, घरात बायकोला नकोसे झालेले, आणि म्हणून वस्तीच्या कामाला वाहिलेले. चौकाचौकात लटकणारे फ्लेक्स त्यांनी मंडळांच्या मागे लागून उतरवून आणले. बांबूची चौकट करायची. बाहेरच्या अंगाला खताच्या पोत्याचं पांढरं प्लास्टिक, आतल्या अंगाला फ्लेक्स, मध्ये चार बोटं पोकळी. त्या पोकळीत कोंडलेली हवा ऊन अडवते, असं भाऊंचं म्हणणं. आम्ही आधी त्यांची टिंगल केली, पण पहिला तट्टा तुळसाबाईच्या घरी बसवला आणि तिच्या खोलीतली काहिली खरोखरच उतरली. तक्रार फक्त एकच होती. तिच्या फ्लेक्सवर वाढदिवस असलेला एक पुढारी होता आणि त्याचं तोंड खोलीकडे होतं.

“रातभर हा मले पाह्यते,” ती म्हणाली. “बुढ्यासमोर पदर काढायची चोरी झाली.”

तेव्हापासून तट्ट्याला आतून जुन्या साडीचं अस्तर लावायचं ठरलं आणि माझी मशीन समाजमंदिरात आली. चेहरा कापायचा नाही, ही तुळसाबाईची शिस्त. त्यामुळे प्रत्येक तट्ट्यात कोणी ना कोणी आख्खा माणूस अस्तराखाली बसलेला असायचा. देवांचे फ्लेक्स वापरायचे नाहीत, हे तर सांगायलाच नको. आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स आलाच तर त्याची घडी करून ज्याच्या घरचा त्याच्या घरी पोचवायचा. दुसऱ्याच्या घरातलं गेलेलं माणूस कोणाच्या खिडकीत कशाला?

वच्छलाकाकूच्या घरचाही एक फ्लेक्स होता. तो आमच्या ढिगात कधी आला नाही.

तिचा लोकेश होळीच्या आधी गेला. तिचा नवरा, किसनराव वांढरे, लकवा मारून जिल्ह्याच्या दवाखान्यात पडला होता. डावं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. लोकेश रोज संध्याकाळी मोटरसायकलवर बापाचा डबा घेऊन जायचा. एका संध्याकाळी कोळशाच्या ट्रकनं त्याला फाट्यावरच उडवलं. पोळ्या रस्त्यावर पडल्या होत्या, असं ज्यांनी पाहिलं ते सांगत. त्याचे मित्र आधी त्याच्याकडे धावले, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बाप तिकडे उपाशी बसला असेल.

डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन सांगितलं होतं की किसनरावांचं काळीज पार कमजोर झालंय, धक्का बसला तर हातचे जातील. आणि इथं तर नुसता पोरगा गेला नव्हता, बापाचा डबा नेताना गेला होता. तेव्हा सगळ्या वस्तीनं मिळून ठरवलं: किसनरावांना कळू द्यायचं नाही. लोकेशला पुण्याच्या कंपनीतून एकाएकी बोलावणं आलं, तो नोकरीवर गेला. मित्रांनी चौकात लावलेला त्याचा फ्लेक्स किसनराव घरी यायच्या आदल्या दिवशी उतरवला. घरातला हार घातलेला फोटो काकूच्या भावानं आपल्या गावी नेला. एवढ्या मोठ्या वस्तीत एकाचंही तोंड सुटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आम्ही एरवी कोणाच्या घरी कोणती भाजी झाली तेही पोटात ठेवत नाही.

चौकातला तो फ्लेक्स मात्र काकूनं मागून घेतला होता. एका मित्राच्या लग्नातला फोटो होता तो. पांढरा शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल, आणि सगळे दात दिसतील असं हसू. एवढा मोठा, एवढा हसरा फोटो त्याचा दुसरा नव्हता. काकूनं तो कुठं ठेवला, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी बाया हसल्या आणि ती हसली नाही, त्यानंतर थोड्या वेळानं ती माझ्या मशीनजवळ आली.

“मंदा, एक चौकट मले दे वं. माझ्या घरचा तट्टा मी घरीच शिवते.”

“मशीनवर हातासरशी होते, काकू.”

“हातानंच शिवते. दुपारी झोप कुठं येते मले.”

मी चौकट दिली. दुसऱ्या दिवशी ती तट्टा तयार करूनच घेऊन आली. हातशिलाई इतकी बारीक होती की मला माझ्या मशीनची लाज वाटली. अस्तर बारीक चौकड्यांच्या सुती साडीचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

“अगं, ही तं लोकेशच्या बारशाची...” तुळसाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“हाव, तीच,” काकू म्हणाली.

मी कापडाला हात लावून पाहिला. “फार विरली हाय, काकू. आणखी एक पदर जोडून देऊ?”

“राहू दे. अशीच मऊ बरी.”

तट्टा बसवायला निखाडेभाऊंच्या सोबत मीही गेले. सकाळची वेळ होती, पश्चिमेची भिंत अजून गार होती. किसनरावांची खाट खिडकीच्या बरोबर समोर होती, कारण त्या चिंचोळ्या खोलीत ती दुसरीकडे बसतच नव्हती. दिवसभर त्यांना पाहायला तेवढी एक खिडकीच होती. तट्टा आत ठोकला आणि खोलीत अंधार झाला.

“कोणता नेता बसवला गा, निखाडे, माझ्या डोळ्यापुढं?” किसनराव वाकड्या तोंडानं म्हणाले. त्यांचं बोलणं आता सवयीनं समजायला लागलं होतं.

भाऊ काही बोलायच्या आत काकू म्हणाली, “कोणी नाही. कोरा हाय.”

ती तट्ट्याकडे पाहत होती. साडीच्या चौकड्यांशिवाय त्यात काही दिसत नव्हतं. तिनं तळहातानं अस्तरावरून एकदा हात फिरवला, जणू काही सुरकुती काढतेय, आणि आम्हाला पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर काकू समाजमंदिरात रोज दुपारी यायला लागली. आधी ती घडीभर येऊन जायची, दुपारभर नवऱ्याला सोडून राहायची नाही. आता जेवण उरकलं की शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून यायची आणि ऊन उतरेपर्यंत थांबायची.

“बुढा मले घरात बसूच देत नाही,” ती सांगायची. “जा, जा, बायांत बस, मले झोपू दे म्हणते. जेवण झालं का मांगंच लागते.”

“मग बरंच हाय की,” तुळसाबाई म्हणायची. “आमचा तं उठू देत नाही.”

काकूलाही ते सोयीचं होतं. लोकेशचा फोन म्हणे कंपनीच्या दुपारच्या सुट्टीत यायचा आणि तेव्हा ती समाजमंदिरात असायची, म्हणून किसनरावांशी त्याचं बोलणं व्हायचं नाही. रात्री जेवताना ते विचारायचे, फोन आला का? मग ती सांगायची. काम करताना मोबाइल ती समोर ठेवायची. त्यावर कोणाचाही फोन यायचा नाही, पण ठेवायची.

“रोज नवं काय सांगू वं, मंदा?” एक दिवस ती मला म्हणाली. “काल सांगितलं मेसमधी वांग्याची भाजी व्हती. परवा सांगितलं नवे बूट भेटले. आज काय सांगू?”

“सांग, पगार वाढला,” तुळसाबाई म्हणाली.

“आताच तं लागला. एवढ्यात कसा वाढन?”

“सांग, खोलीत सोबती भेटला. आपल्याच भागातला, वणीकडचा.”

“हे बरं हाय,” काकू म्हणाली आणि तिचा चेहरा थोडा उजळला. “सोबती बरा हाय म्हणते. दोघं मिळून जेवाले जातात.”

“आन सांग, पोळ्याले येतो म्हणते.”

“नको,” काकू पटकन म्हणाली. “येतो म्हणून नको. वाट पाह्यतील.”

अशा रीतीनं आम्ही बाया तट्टे शिवता शिवता लोकेशचं पुण्यातलं आयुष्य चालवत होतो. त्याला सर्दी झाली, बरी झाली. त्यानं बनियन धुवायला टाकलं ते हरवलं. कधी कधी मला वाटायचं की पोरगा खरंच तिकडे आहे आणि आम्हालाच त्याची खबर लागतेय. तो वारला होता हे आठवलं की सुई बोटात घुसायची.

मे सरता सरता एक जोरदार वावटळ आली. कितीतरी घरांचे टिन उडाले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू मला म्हणाली, “मंदा, आमचा तट्टा एका कोपऱ्यातून ढिला झाला. स्टुलावर चढणं माझ्याच्यानं होत नाही. तू जाऊन एक खिळा मारून येतं का? मी हे अस्तर पुरं करते तवर.”

मी हातोडी आणि चार खिळे घेऊन गेले. शेजारीण ओसरीत डोक्यावर पदर घेऊन घोरत होती. बाहेर असं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते. खोलीच्या दाराशी येऊन मी हाक मारली, “काका, मी मंदा.”

“ये,” किसनराव म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

खोलीत अंधार असेल म्हणून मी आत पाय टाकला, पण अंधार नव्हता. सूर्य पश्चिमेला कलून बरोबर खिडकीवर आला होता. पोत्याचं पांढरं प्लास्टिक, मधली पोकळी, फ्लेक्स आणि वरची विरलेली साडी, सगळ्यांतून ऊन पाझरत होतं. साडीच्या चौकड्या फिक्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामागून लोकेश हसत होता. पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, सगळे दात. चौकटीच्या वरच्या काठाशी दुमडलेल्या जागी अक्षरं होती. ‘भावपूर्ण’ आणि एक तारीख एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

माझ्या हातातली हातोडी खाली पडली. मी धावत खिडकीपाशी गेले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. काय करतेय ते मला कळत नव्हतं. तट्टा केवढा, माझे हात केवढे.

“मधात नको येऊ वं,” किसनराव म्हणाले. “सर बाजूले. थोडाच वेळ राह्यते तो. सूर्य पाण्याच्या टाकीच्या मांगं गेला का जाते.”

मी बाजूला झाले. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसले.

“काका, तुमाले...”

“तट्टा लागला त्याच दिवशी दिसला. ती नळावर पाण्याले गेली व्हती.”

“काकूले माहीत हाय?”

“नाही. तिले वाटते काही दिसत नाही. सकाळी पाहिलं ना तिनं. सायंकाळी येते तवा ऊन गेलं असते.” त्यांनी दम घेतला. “तिनं त्याले घरात आणून ठेवला. माझ्याजवळ ठेवला. आनखी कुठं ठेवन बिचारी?”

दुपारी बायकोला का घालवून देत, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“तारीख त्याच दिवसाची हाय. त्या दिवशी डबा आला नाही,” किसनराव म्हणाले. “लोकेश डबा चुकवणारा पोरगा नव्हता. मले तवाच समजाले पाह्यजे व्हतं. नर्सनं बिस्किटं देल्ली, मी खाल्ली. पोरगा रस्त्यावर पडला व्हता आन मी बिस्किटं खात व्हतो.”

त्यांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. ते पुसायला त्यांनी उजवा हात उचलला नाही. मी माझ्या पदरानं पुसलं. मला रडू आवरत नव्हतं.

“काकूले सांगून द्या ना, काका. दोघं मिळून रडाल तरी. ती एकटीच रडते, आमाले माहीत हाय.”

“आन मंग दुसऱ्या दिवशी काय करन ती?” ते म्हणाले. “आता तिले रोज काही ना काही शोधून आणा लागते माझ्यासाठी. आज काय सांगू, उद्या काय सांगू. त्यातच दिवस जाते तिचा. मले सांगता सांगता घडीभर तिलेही खरं वाटते, मी पाह्यतो ना तिचं तोंड. मले समजलं हाय हे तिले कळलं, तं त्या दिवशी लोकेश तिच्यासाठी पुन्हा मरन.”

मी खाली पडलेली हातोडी जवळ ओढून घेतली.

“एक काम करजो,” ते म्हणाले. “तट्टे कधी काढान तवा हा तू काढजो. उनात तिच्या नजरेस पडू देजो नको. बोलजोही नको.”

मी हो म्हटलं. त्यांच्या उजव्या हाताला हात लावून म्हटलं.

मग आम्ही दोघंही खिडकीकडे पाहत राहिलो. ऊन टाकीच्या मागं गेलं तसे आधी दात गेले, मग शर्ट गेला, आणि साडीच्या चौकड्या पुन्हा दिसायला लागल्या. मी उठून स्टुलावर चढले आणि खिळा ठोकला. त्याला लागेल की काय असं वाटून हळूहळू ठोकला.

मी पाणी पिऊन निघणार तोच काकू आली.

“झाला का?”

“झाला, काकू.”

“काय वं,” खाटेवरून किसनराव म्हणाले, “फोन आला का त्याचा?”

“आला ना,” काकू चप्पल काढता काढता म्हणाली. “आज मेसमधी मुगाची भाजी व्हती म्हणते.”

“मुगाची? तो तं मुगाले हात नव्हता लावत.”

काकू क्षणभर गडबडली. “आता खाते तिकडे. काय करन? भूक लागते.”

“खाल्ली पाह्यजे,” किसनराव म्हणाले. “घरच्यावाणी लाड कोण पुरवन?”

मला तिथं उभं राहवलं नाही. मी हातोडी विसरून घरी आले.

जून लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मृगाच्या पहिल्या आठवड्यात किसनराव सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले. उन्हाळ्यानं नेलं असं कोणी म्हणालं नाही, कारण त्या खोलीत बाकीच्या घरांइतकं तापत नव्हतं. काळीजच कमजोर होतं.

काकूनं मोठ्यानं आक्रोश केला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती एकच सांगायची. “माझी एक गोष्ट देवानं तडीस नेली, बाई. त्यायले शेवटपर्यंत कळू देल्लं नाही. पोरगा चांगला हाय, खाते-पिते, याच समाधानात गेले.” नवरा गेला, मुलगा गेला, तिच्या हाताशी राहिलं ते एवढंच. ते तरी तिच्यापासून जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

पण खाट काढून तिथं दिवा लावला होता आणि रिवाजाप्रमाणे काकूला त्या दिव्यापाशीच बसायचं होतं. सुतक असलेल्या घरात ठोकाठोक करत नाहीत, भिंतीवरचं काही उतरवत नाहीत, त्यामुळे तट्ट्याला हात लावायची सोय नव्हती. मी पहिल्याच दिवशी एक जाड सोलापुरी चादर खिडकीवर दोरीनं बांधली. काकू तोंड वर करून म्हणाली, “हे काहून?” मी म्हटलं, “झळा येतात, काकू. दिवा विझन.” तिनं मान हलवली. ती चादर तिथं राहिली आणि रोज दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसायची.

दहाव्याच्या दिवशी पुरुष नदीवर गेले. घरात काकूची नणंद आणि जावा होत्या. दहाव्याला घरातला धागा न् धागा धुवायचा असतो, सुतक कपड्यातून जावं म्हणून. नणंदेनं पहाटेपासून बादल्या भरल्या होत्या. मी दुपारी आले तेव्हा अंगणातल्या तारेवर गोधड्या, लुगडी, उशांचे अभ्रे वाळत होते, आणि त्यांच्यामध्ये माझी सोलापुरी चादर.

मी तशीच आत धावले.

“काकू, चला, बाहेरच्या खोलीत बसू. इथं गरम होऊन राह्यलं.”

“मी कुठं जात नाही,” काकू म्हणाली. “आज त्यायचा शेवटचा दिवस हाय इथं.”

“थोडा वेळ. चहा घेऊ.”

“तू घे ना, बाई.”

मी तिच्यासमोर येऊन बसले, खिडकी तिच्या नजरेआड होईल अशी. पण बसलेल्या बाईमागं एवढी मोठी खिडकी कशी लपणार? आधी जमिनीवर फिकट चौकड्या पडल्या. मग काकूच्या तोंडावर उजेड आला. तिनं डोळे बारीक केले आणि माझ्या डोक्यावरून पाहिलं.

ती किती वेळ पाहत राहिली ते मी सांगू शकत नाही. शेवटी ती म्हणाली, “मंदा, हा आजच दिसून राह्यला का?”

मी खाली पाहिलं.

“रोज दिसे?”

“हो, काकू.”

तिनं खिडकीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग खाटेची उशी असायची त्या जागेकडे. गुडघ्यांवर हात टेकत ती उठली, त्या जागी जाऊन बसली आणि तिथून तिनं पुन्हा खिडकीकडे पाहिलं. लोकेश बरोबर समोर होता.

“मंग मले रोज काहून विचारत व्हते?” ती म्हणाली. “फोन आला का म्हणून रोज काहून विचारत व्हते?”

उत्तर मला ठाऊक होतं, पण मी शब्द दिला होता. आणि तिचं तोंड पाहिलं तर ते तिलाही कळलेलं होतं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि मग तिच्यानं आवरलं नाही. नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती तेवढी ती तेव्हा रडली. मी तिला धरून बसले.

नणंद वाळलेली चादर घेऊन दाराशी आली, खिडकीकडे पाहून जागीच थबकली. मी तिला हातानंच परत जायला सांगितलं. ऊन टाकीकडे सरकत होतं. काकूनं डोळे पुसले आणि लोकेश दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. खोलीत फक्त दिव्याचा उजेड राहिला. मग तिनं बाजूची तेलाची वाटी उचलली, दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली आणि त्या दिव्याकडे पाहून, रोज जेवताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

“आला व्हता फोन. जेवला म्हणते.”